१३३१ मधली एक पिन

दिवाळीच्या आधीचा रविवार, ताईकडे चिंचवडला साफसफाई चालू होती आणि दुपारी तीनच्या सुमाराला भाच्याचा फोन आला. "मामा, पीसीतला कूलर काढत होतो, प्रोसेसर त्याला चिकटूनच बाहेर आला आणि सटकून फरशीवर पडला." आवाज अगदी रडवेला. म्हणलं पिना बघ आधी. म्हणाला बघितल्या, एका कोपऱ्यातल्या सगळ्या झोपल्यात.

पोरगं इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशातनं त्याने हा सेकंडहँड पीसी घेतलेला, एएमडी कंपनीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चा मदरबोर्ड आणि ८-८ जीबीच्या दोन रॅम. त्यामुळे त्याचा जीव किती वर-खाली झाला असेल ते मला कळत होतं, मी लगेच गाडी काढली.

हे का होतं ते आधी सांगतो कारण हे फार लोकांच्या बाबतीत होतं आणि त्यात निष्काळजीपणाच असतो असं अजिबात नाही. हा रायझन ज्या सॉकेटमध्ये (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) बसतो त्याला एएम४ म्हणतात. एएम४ च्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात, आणि सॉकेटमध्ये तेवढीच भोकं. बाजूची दांडी खाली दाबली की सॉकेटचं वरचं झाकण किंचित सरकतं आणि आतले पत्रे पिनांना बाजूने धरतात. बाजूने फक्त, वरून अडवायला काहीच नसतं. आता प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षात वाळून डिंकासारखी घट्ट होते, आणि तुम्ही कूलर सरळ वर ओढला की पेस्टची पकड सॉकेटच्या पकडीपेक्षा जास्त भरते, मग दांडी बंद असतानाच प्रोसेसर उपटून येतो. इंटेलने २००४ सालीच ७७५ च्या सॉकेटबरोबर पिना प्रोसेसरवरून काढून बोर्डावर नेल्या आणि वरून लोखंडी पट्टी आली, त्यामुळे तिकडे हा प्रकार होत नाही (तिकडे सॉकेटातल्या पिना वाकतात, आणि त्या सरळ करणं याहून अवघड). एएमडीने साध्या डेस्कटॉपला पिना प्रोसेसरवरच ठेवल्या त्या थेट २०२२ मध्ये एएम५ येईपर्यंत. म्हणजे आज घराघरात जे रायझन चालू आहेत त्यातले कितीतरी अजून पिनावालेच आहेत.

तर कूलर काढायचा असेल तर आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं काहीतरी जड काम देऊन चालवा, पेस्ट गरम होऊन मऊ पडते. मग बंद करून वायर काढा, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करत सैल करा, आणि कूलर बरणीचं झाकण फिरवतो तसा हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवा. सुटला असं हाताला जाणवल्यावरच उचला. एवढं केलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, पण त्याला हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. माझ्याकडूनही राहिलं, आणि त्याचं मला वाईट वाटलं.

मी पोचेपर्यंत तो जवळच्या एका दुकानात जाऊन आला होता. काउंटरवरच्या माणसाने डबी उघडून एकदा बघितलं आणि डेड आहे, नवीन घ्या म्हणून सांगितलं. भिंग नाही, लाईट नाही, बोर्डावर लावून बघणं तर लांबच. याचा मला खरंच राग येतो. वॉरंटीत असली मोडतोड बसत नाही हे खरं, पण म्हणून वस्तू मेली असं कसं म्हणता येईल? नुसत्या पिना वाकल्या तर आतल्या चिपला सहसा काहीही झालेलं नसतं, तिच्यापर्यंत जायचे रस्ते वाकलेत एवढंच.

जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरला, टेबललॅम्प आडवा केला आणि भिंगाखाली मोजलं. सतरा पिना वाकलेल्या. त्यातल्या बाराएक नुसत्या कललेल्या, चार बऱ्यापैकी झुकलेल्या आणि एक कोपऱ्यापासून जरा आतली, पार आडवी झोपलेली. प्रोसेसर डोळ्यासमोर आडवा धरून ओळीतनं आरपार बघायचं, ओळ सरळ असेल तर मागचा उजेड पट्टीसारखा दिसतो आणि वाकडी पिन त्या पट्टीत लगेच काळी येते. मग प्रोसेसर नव्वद अंशात फिरवून दुसऱ्या बाजूने, मग तिरक्या ओळीतनं. सरळ करायला मी शिसं घालायची ०.५ ची पेन्सिल वापरतो, शिसं काढून टाकायचं आणि पुढची बारीक नळी पिनवर चढवायची, मग बोटाने नव्हे तर मनगटाने, अगदी केसभर केसभर उभी करायची. दोन पिनांच्या मध्ये एक मिलिमीटरचं अंतर, त्यामुळे शेजारणीला धक्का लागतोच, तिलाही परत बघावं लागतं. भाचा शेजारी बसून मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून सांगत होता, "मामा अजून थोडी इकडे."

सोळा पिना उभ्या राहिल्या, दीड तास गेला. सतरावीला मी तीन टप्प्यात घेतलं, मध्ये थांबून, आणि तरी ती शेवटच्या टप्प्यात बुडातनं सुटली. आवाज वगैरे काही नाही. हाताला जो किंचित ताण लागत होता तो एकदम नाहीसा झाला, आणि पेन्सिल उचलली तर पिन नळीतच. खाली सोन्याच्या रंगाच्या रांगेत एक करडा ठिपका. या पिना तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात, वर सोन्याचा पातळ थर, आणि तांबं एकदा वाकलं की त्या जागी कडक होतं, परत वळवलं की तिथूनच तुटतं. आडव्या झालेल्या पिनेत हा धोका असतोच, मला माहीत होतं, तरी पोटात गोळा आला. भाचा काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

आता इथे बहुतेक लोक हात टेकतात, आणि मला ही पोस्ट लिहायची होती ती यासाठीच. पिन तुटली म्हणजे कुठली पिन तुटली हे आधी शोधायचं. १३३१ पिनांना १३३१ वेगवेगळी कामं नसतात. शेकडो पिना नुसत्या ग्राउंड (वीज परत जायचा रस्ता) असतात, बऱ्याचशा पॉवरच्या, आणि तिथे एखादी कमी झाली तर बाकीच्या तिचा भार सहज उचलतात, प्रोसेसर वर्षानुवर्षं चालतो. ग्राफिक कार्डाच्या लेनची (डेटा ये-जा करायच्या रस्त्याची) गेली तर कार्ड १६ ऐवजी कमी, बहुधा ८ लेनवर चालेल, बऱ्याच जणांना कळणारही नाही. रॅमची गेली तर त्या बाजूची रॅम चालणार नाही. आणि जिचं काम दुसरी कुठलीच पिन करत नाही अशी एखादी गेली तर मात्र पीसी उठणारच नाही. पिनांचा नकाशा नेटवर मिळतो, उभ्या ओळींना आकडे १ ते ३९ आणि आडव्यांना अक्षरं, ए पासून एडब्ल्यू पर्यंत, मध्ये आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड ही अक्षरं गाळलेली असतात कारण ती वाचताना घोटाळा होतो. हे माहीत नसेल तर ओळ मोजताना हमखास चुकतं.

मी मोजलं, नकाशात बघितलं, ग्राउंड! इतका आनंद झाला की ताईला हाक मारून चहा टाकायला सांगितला. प्रोसेसर लावला, पेस्ट, कूलर, दोन्ही रॅम, बटण दाबलं. पंखा फिरला, डिस्प्ले नाही, बोर्डावरचा रॅमचा दिवा लाल तो लालच. रॅमच्या खाचा ए आणि बी अशा दोन चॅनलांत (रॅमकडे जायच्या दोन रस्त्यांत) वाटलेल्या असतात. एक रॅम काढून ए२ खाचेत एकटीच ठेवली, चालू झाला. तीच बी२ मध्ये ठेवली, बंद. दुसरी रॅम घेऊन परत तसंच. म्हणजे रॅम दोन्ही चांगल्या, बी चॅनलच गेलेला.

ग्राउंडची एक पिन गेल्याने असं व्हायला नको होतं, ते डोक्यातनं जाईना. रात्री घरी येऊन अंथरुणात पडल्यावर लक्षात आलं की नकाशा वरून बघितल्यासारखा काढलेला होता, आणि मी प्रोसेसर उलटा करून पिनांकडून बघत होतो. डावं-उजवं उलटं झालेलं, आरशात बघितल्यासारखं. उठून लाईट लावला, मोबाईलमधला फोटो आडवा उलटवला, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण नकाशातल्या त्रिकोणावर आणला आणि परत मोजलं. बी चॅनलच्या डेटाची लाईन. सगळं जुळलं. तुम्ही कधी हे करायला बसलात तर तो त्रिकोण आधी जुळवा आणि नकाशा कुठल्या बाजूने काढलाय ते बघा, मगच मोजा.

खरं तर इथेही थांबता आलं असतं. दोन्ही रॅम ए१ आणि ए२ मध्ये लावल्या की पूर्ण १६ जीबी मिळते, फक्त रॅमचा रस्ता निम्मा होतो. भाचा म्हणाला मामा चालेल मला. पण त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि मलाही ते तसंच सोडवेना, माझ्या हातात तुटली होती ती. काही लोक सॉकेटच्या भोकातच बारीक तारेचा तुकडा उभा करतात, वर प्रोसेसरचा ठिपका त्याला टेकतो आणि काम होतं. होतं हे खरं आहे, पण तार जरा कलली तर शेजारच्या पिनेला चिकटून बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही जाऊ शकतात, मला ते धाडस करायचं नव्हतं.

ऑफिसातल्या एकाकडे एएम४ चाच एक मेलेला एथलॉन (एएमडीचाच दुसरा प्रोसेसर) ड्रॉवरमध्ये पडून होता, तो मागून आणला. पिना अगदी त्याच मापाच्या. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातनं, तापकीर गल्लीतनं, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो) आणि जुनं सोल्डर टिपून घ्यायची तांब्याची जाळी घेतली आणि आमच्या गल्लीतल्या मोबाईल रिपेअरवाल्या दादाकडे गेलो, कारण त्याच्याकडे मायक्रोस्कोप आहे आणि मोबाईलच्या बोर्डावर रोज काम करून त्याचा हात बसलेला आहे. त्याने बघितलं आणि म्हणाला, "पिन बसवायला काय, दहा मिनिटाचं काम, पण गरम किती चालतं याला?" हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. या रायझनमध्ये वरचं धातूचं झाकण आतल्या चिपला इंडियम नावाच्या धातूने जोडलेलं असतं, आणि इंडियम १५७ अंशाला वितळतं. नेहमीची १८३ अंशाला वितळणारी सोल्डर पेस्ट वापरून हॉट एअरने सगळंच तापवलं तर पिन बसेल पण वरचं झाकण हलायची भीती. म्हणून १३८ ला वितळणारी सोल्डर पेस्ट घ्यायची, बिस्मथ धातूवाली, आणि बारीक टोकाच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने फक्त तेवढीच जागा तापवायची. प्रोसेसर चालताना जास्तीत जास्त ९५ अंशापर्यंत जातो, त्यामुळे १३८ चा जोड वापरात सुटत नाही.

एथलॉनवर आधी जोरात गरम हवा मारून पिना सुट्या केल्या, त्याला वाचवायचं नव्हतंच. मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा बघितलं तेव्हा कळलं की प्रत्येक पिनेला बुडाशी खिळ्यासारखं चपटं गोल डोकं असतं आणि ते डोकं ठिपक्यावर बसतं. दादाने आमच्या प्रोसेसरचा ठिपका जाळीने साफ केला, सुईच्या टोकावर मावेल एवढी पेस्ट ठेवली, चिमट्याने पिन उभी धरली आणि इस्त्री टेकवली. पहिली पिन बसली पण सोल्डर पिनेवर वर चढलं, म्हणजे ती जाड झाली, भोकात जाणार नाही. काढली. दुसरी चिमट्यातनं उडाली, सापडलीच नाही. तिसऱ्या वेळी त्याने पेस्ट निम्मी घेतली, श्वास रोखून धरला होता त्याने, मीही. इस्त्री बाजूला केल्यावर चार-पाच सेकंद चिमटा तसाच धरून ठेवला आणि मग सोडला. उभी. चारी बाजूनी ओळीत.

पैसे घेईना. शेवटी तीनशे रुपये काउंटरवर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ताईच्या हातच्या चकल्या नेऊन दिल्या.

प्रोसेसर सॉकेटवर ठेवताना दांडी पूर्ण उभी करायची आणि प्रोसेसर त्याच्या स्वतःच्या वजनाने आत बसला पाहिजे, बोटाने दाबायचा नाही, बसत नसेल तर उचलून परत ओळी बघायच्या. आमचा पहिल्याच वेळी खाली गेला. दांडी दाबताना भाच्याने डोळे मिटले होते. दोन्ही रॅम ए२ आणि बी२ मध्ये, बटण दाबलं, लाल दिवा लागला, थोडा वेळ तसाच राहिला आणि विझला. स्क्रीनवर १६ जीबी आलं, विंडोजमध्ये सीपीयू-झेड (प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर चॅनलसमोर ड्युअल, म्हणजे दोन्ही चॅनल चालू. पोरगं उठून सरळ गळ्यातच पडलं.

तरी नुसतं चालू झालं म्हणून सोडलं नाही. डेटाची लाईन आहे, जोड कच्चा असेल तर महिन्याभराने फायली खराब व्हायला लागतात आणि कारण सापडत नाही. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायची चाचणी) लावून ठेवली, सकाळी बघितलं तर चारही फेऱ्या पूर्ण, चूक शून्य. रॅम ३२०० च्या वेगावर टाकून दुसऱ्या रात्री परत लावली, तीही शून्य.

बिस्मथचा जोड ठिसूळ असतो, म्हणून तो प्रोसेसर आता त्या सॉकेटमधनं काढायचा नाही असं आमचं ठरलंय. थर्मल पेस्ट बदलायची वेळ येईल तेव्हा मला बोलवायचं, आणि पीसी आधी पंधरा मिनिटं गरम करून ठेवायचा.

तो एथलॉन मी टाकला नाही, स्पंजच्या डबीत ठेवलाय. बऱ्याच पिना आहेत त्याच्यावर अजून. पुण्यात कोणाची एएम४ ची पिन तुटली असेल तर नकाशात कुठली ते बघून ठेवा आणि मला सांगा, पिन माझ्याकडून घेऊन जा.