आमची वाटचाल: जुन्या पार्ट्सच्या पिशवीसकट

आमच्याकडून मॉडिफाय होऊन जाणाऱ्या प्रत्येक ऑडिओ सेटबरोबर एक छोटी पिशवी जाते. त्यात आम्ही काढलेले सगळे मूळ पार्ट्स असतात, प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली, बोर्डवर कुठल्या जागेवरून काढला आणि काढल्यावर मोजला तेव्हा किती भरला ते लिहिलेलं. ही पिशवी पहिल्या दिवसापासून नव्हती. ती कशी आली ते सांगितलं की आमची बरीचशी वाटचाल सांगून होते.

सुरुवात मी आणि माझ्या धाकट्या भावाने केली, फक्त रिपेअरिंग, जुने ॲम्प आणि सीडी प्लेयर. काम करता करता लक्षात आलं की वाळलेले इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर (आत द्रव असलेले, वीज साठवणारे पार्ट) बदलले की सेट नुसता चालू होत नाही, त्याचा आवाजही मोकळा होतो, बास घट्ट होतो. कारण साधं आहे, आतलं द्रव उष्णतेने आटत जातं, ईएसआर, म्हणजे कॅपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स, वाढतो आणि मग सप्लाय जोराच्या ठोक्याला हवा तेवढा करंट लगेच देऊ शकत नाही. दर १० अंश तापमान वाढलं की या कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून हीट सिंकला चिकटून बसलेला कॅपॅसिटर आम्ही आजही सगळ्यात आधी तपासतो. सेट परत नेताना लोक विचारायचे की मूळपेक्षा अजून चांगला करता येईल का, आणि आम्ही हो म्हणायला लागलो.

पहिला धडा एका भारी सीडी प्लेयरने दिला. त्याच्या आउटपुट स्टेजला ५५३२ ऑपअँप (सिग्नल वाढवणारी छोटी चिप) होता, उत्तम पार्ट आहे तो, पण आम्ही तो काढून बराच वेगवान ऑपअँप बसवला. ऐकला, वरचे स्वर एकदम लखलखीत, भाऊ खूश, मी खूश, मालकही खूश होऊन घेऊन गेले. चार दिवसांनी परत आले, म्हणाले दादा, कान दुखतात आणि मशीन गरम होतं. स्कोप (सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला तर सिग्नल नसतानाही आउटपुटवर काही मेगाहर्ट्झचं बारीक ऑसिलेशन, म्हणजे आपोआप होणारी थरथर, कारण चिपचा सप्लाय स्थिर ठेवणारा डिकपलिंग कॅपॅसिटर लांब होता आणि वेगवान ऑपअँपला ते चालत नाही. चिपच्या पायांच्या अगदी खाली, बोर्डच्या मागच्या बाजूने १०० नॅनोफॅरडचे सिरॅमिक लावले आणि स्कोपवरची ती जाड झालेली रेघ सरळ झाली. जे आम्हाला लखलखीत वाटत होतं तो बिघाड होता! तेव्हापासून ऑपअँप बदलला की आधी स्क्वेअर वेव्ह (चौकोनी आकाराचा सिग्नल) देऊन स्कोपवर त्याचे कोपरे बघायचे आणि मगच ऐकायचं, हा नियम आजपर्यंत मोडलेला नाही.

दुसरा धडा स्पीकरचा. क्रॉसओव्हरमधले (वरचे आणि खालचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटमधले) जुने इलेक्ट्रोलायटिक काढून पॉलिप्रॉपिलीनचे फिल्म कॅपॅसिटर टाकले, व्हॅल्यू अगदी तीच, तरी ट्वीटरचा, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरचा, आवाज पुढे आला आणि तासाभरात ऐकणारा थकायला लागला. मग कळलं की जुन्या कॅपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स मूळ डिझाइनरने हिशोबात धरलेला असतो, फिल्म कॅपॅसिटरला तो जवळजवळ नसतोच, त्यामुळे तेवढा छोटा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकावा लागतो. पण किती? जुने हातात असते तर मोजून सांगता आलं असतं, ते आम्ही कचऱ्यात टाकले होते. दोन संध्याकाळी मायक्रोफोन लावून एकेक रेझिस्टर बदलत बसलो तेव्हा जमलं. पिशवी तिथून सुरू झाली.

मग ऐकण्याची पद्धत बदलली, आणि माझ्या मते आमच्या धंद्यात सगळ्यात मोठा फरक याने पडला. दोन गोष्टी शेजारी ऐकताना एक जरा जरी मोठ्याने वाजत असेल तर तीच चांगली वाटते, सगळ्यांनाच, भावाच्या कानालाही. म्हणून टेस्ट टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजतो आणि ०.१ डेसिबलच्या आत जुळवतो, म्हणजे साधारण १ टक्का, आणि स्विच करणारा माणूस ऐकणाऱ्याला दिसत नाही. असं ऐकायला लागल्यावर आमची स्वतःची काही आवडती कामं गळली. आतल्या वायरी बदलणं बंद केलं, फ्यूज बदलणं बंद केलं. सीडी प्लेयरचा क्लॉक (डिजिटल सिग्नलला ताल देणारा पार्ट) सरसकट बदलत नाही, कारण वेगळा क्लॉक बोर्ड लांब वायरने जोडला तर जिटर, म्हणजे त्या तालातली चूक, कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो, तेव्हा जागा डॅकच्या (डिजिटलचा आवाज करणाऱ्या चिपच्या) जवळ मिळत असेल तरच बदलतो. काही गिऱ्हाइकं यावर नाराज होऊन गेली, त्यांना मी जाऊ दिलं.

गेल्या महिन्यात एक महागडा ॲम्प आला, मालकांची इच्छा होती की आतलं सगळं बदलावं. आम्ही सिरीज बल्बवर (बिघाड असेल तर जास्त करंट जाऊ नये म्हणून मध्ये जोडलेल्या बल्बवर) चालू केला, तासभर तापू दिला आणि बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट, मोजला. मॅन्युअलप्रमाणे आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटर रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट हवे होते, डाव्या चॅनलला जेमतेम २. कमी व्हॉल्यूमला आवाज खरखरीत का लागतो ते तिथेच कळलं, क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन (बायस कमी पडल्याने सिग्नल शून्यापाशी तुटणं, स्पीकरच्या क्रॉसओव्हरशी याचा संबंध नाही) स्कोपवर स्पष्ट दिसत होतं. बायस लावायचा छोटा फिरता रेझिस्टर, ट्रिमपॉट, घासून गेला होता. दोन्ही चॅनलला सीलबंद मल्टिटर्न (बरेच वेढे फिरणारे) ट्रिमपॉट बसवले, बायस लावला, स्पीकर जोडणाऱ्या रिलेचे (विजेवर चालणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट साफ केले, बाकी सगळे कॅपॅसिटर मोजून ठीक निघाले म्हणून हात लावला नाही. मालकांनी आमच्यासमोर बसून हळू आवाजात तासभर ऐकलं आणि मग पिशवी उघडून बघितली, आत दोनच जुने ट्रिमपॉट होते.