जॉर्डन पास: घोडं अडलं ते पैसे भरताना

जॉर्डनला जाणार असाल तर विमानात बसायच्या आधीच जॉर्डन पास काढा: व्हिसाची फी आणि पर्यटनस्थळांची तिकिटं एकत्र असलेला हा ऑनलाइन पास. देशात किमान 3 रात्री मुक्काम असेल तर व्हिसाचे 40 दिनार माफ होतात. पेट्रात, म्हणजे खडकात कोरलेल्या प्राचीन शहरात, 1 दिवस हवा असेल तर पास 70 दिनारला, 2 दिवस 75 ला, 3 दिवस 80 ला. पेट्राचं एका दिवसाचं तिकीटच 50 चं, त्यामुळे फार हिशेब करावा लागत नाही. आम्ही दोघांनी 75 चे घेतले. फॉर्म सोपा आहे. पैसे भरताना मात्र जे झालं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

कार्ड चार वेळा नाकारलं गेलं. कारण कुठेच दिसेना. बँकेच्या हेल्पलाइनवर ‘कार्ड चालू आहे’ एवढंच उत्तर. खरी गोम अशी: रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर 2020 पासून नवं कार्ड मिळतं ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू. परदेशी व्यवहार आपणच चालू करायचे. ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ चालू केलं, पण त्याखाली एटीएम, दुकान आणि ऑनलाइन यांची वेगळी बटणं होती. ऑनलाइनचं बंदच राहिलं होतं. ते सुरू केल्यावर मर्यादा आडवी आली. एक दिनार म्हणजे साधारण 1.41 डॉलर, म्हणजे दोन पासांचे 210 डॉलरच्या वर जातात आणि माझी मर्यादा त्याहून कमी होती. ती वाढवेपर्यंत इतक्या फसलेल्या प्रयत्नांमुळे बँकेने कार्डच दिवसभरासाठी रोखलं. हे हेल्पलाइनवर पहिल्याच फोनला सांगता आलं असतं! तेव्हा एकदा नाकारलं की पुन्हा पुन्हा दाबू नका. आधी बटण बघा, मग मर्यादा, मगच दुसरा प्रयत्न. परकीय चलनाचं शुल्क बहुतेक कार्डांवर 2 ते 3.5 टक्के लागतं, वर त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी.

दुसऱ्या दिवशी पास ईमेलवर आले आणि जीव भांड्यात पडला. छापील प्रत जवळ ठेवा. विमानतळावर व्हिसाच्या काउंटरवर क्यूआर कोड स्कॅन झाला, शिक्का बसला, संपलं.

फॉर्मबद्दल एक राहिलंच: नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गाळू नका.

पास खरेदीपासून 12 महिने चालतो, पण पहिल्या ठिकाणी स्कॅन झाला की 2 आठवडेच. पेट्रा बघून परत फिरू नका. राजधानी अम्मानच्या पूर्वेचे उमय्यद (सुरुवातीच्या इस्लामी राजघराण्याच्या) काळातले वाळवंटी किल्लेही याच पासात येतात. कसर अल-खराना आणि कुसैर अमरा इथे बस थांबत नाही, अर्ध्या दिवसाची टॅक्सी ठरवा. खरानाच्या भिंतींतल्या फटी बाणांसाठी वाटतात, पण त्या इतक्या उंचावर आहेत की तिथून बाण सोडणं शक्य नाही. त्या हवा-उजेडासाठी. तिथल्या एका खोलीतल्या लेखावर हिजरी 92, म्हणजे इ.स. 710 ची तारीख आहे. अमरा 1985 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे हमामच्या (स्नानगृहाच्या) गरम खोलीत मान वर करून घुमट बघा: राशी आणि नक्षत्रं रंगवलेलं आकाश आहे. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे आतल्या अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबा, नाहीतर रंग दिसतच नाहीत.