इंजिन काढलं, तिथून पुढे

मी देवगडची. लग्न होऊन २०११ साली मॉरिशसला आले, माहेबूरला. सासरच्यांचे पूर्वज रत्नागिरीकडचे, पण ते आले उसाच्या मळ्यात राबायला. समुद्राशी घरात कुणाचा संबंध उरला नव्हता. मला मात्र माहेर सापडायचं ते बंदरावरच. इथल्या लाकडी होडीला पिरोग म्हणतात. सहा-सात मीटर लांब, बूड उथळ, कारण प्रवाळाच्या रांगेआतलं पाणी बऱ्याच ठिकाणी जेमतेम कंबरभर. शीड काही दिसेना. "शीड आता रेगाटापुरतं," हे म्हणाले. रेगाटा म्हणजे शर्यत. त्या दिवशी अवाढव्य शिडं चढतात आणि होडी कलंडू नये म्हणून पोरं वाऱ्याच्या अंगाला अर्धी बाहेर लोंबकळतात. एरवी सगळ्यांच्या मागे मोटर.

२०१४ मध्ये पर्यटकांना फिरवायला एक जुनी पिरोग घेतली आणि पहिल्याच हंगामात माती केली. शीड शोभेचं, मागे इंजिन, पाहुण्यांच्या डोक्यावर चाच्यांच्या टोप्या! आज आठवलं की लाज वाटते. हा प्रकार कॅटामरान म्हणजे जुळ्या बुडाच्या मोठ्या बोटीवाले आमच्यापेक्षा झकास करतात, गाण्यांसकट आणि भाजलेल्या माशांसकट. दोन वर्षं तोटाच झाला.

मग तोंतों भेटले. इथल्या क्रिओल बोलीत तोंतों म्हणजे काका. अख्खं बंदर त्यांना तेच म्हणतं. पिरोग बांधणारे जुने सुतार. त्यांनी आमची होडी पाहिली, इंजिनावर एक चापट मारली आणि म्हणाले, "आधी हे काढा, मग बोलू." काढलं. पठाण म्हणजे होडीचा कणा, वाक म्हणजे तिच्या फासळ्या, डोलकाठी, हे माझे देवगडी शब्द, त्यांचे क्रिओल, मध्ये आमचे हे दुभाषी. कागदावर एक रेघ नाही, सगळा हिशेब डोळ्यात. वाकांसाठी राखून ठेवलेलं लाकूड त्यांनी दाखवलं, तकामाका. झाडाचं पान बघते तर आपल्या उंडीचंच भावंड.

तेव्हापासून आमची फेरी साधी आहे. दोन तास, सहा माणसं, एक तांडेल. जेवण नाही. शिडाची दोरी पाहुण्यांनीच धरायची. वारा पडला तर लांब बांबूने वाळूत रेटा देत परत यायचं. त्या बांबूचं नाव गोल, आणि पहिल्यांदा हातात घेणाऱ्याची होडी फिरतेही गोलच. लोक सगळ्यात जास्त हसतात ते तिथे. एका हॉटेलला मात्र पाहुणे साडेबाराच्या ठोक्याला परत हवे होते. ते काम सोडलं.

ग्रँड पोर्टच्या या उपसागरात ऑगस्ट १८१० मध्ये फ्रेंचांनी इंग्रजांचं आरमार हरवलं. पॅरिसच्या विजयकमानीवर त्या लढाईचं नाव कोरलंय आणि पर्यटकांना गाईड तेवढंच सांगतात. पिरोग हाकणाऱ्या क्रिओल कोळ्यांबद्दल अवाक्षर नाही. हा वारसा त्यांचा आहे, आम्ही फक्त तिकीट फाडतो. म्हणून तिकिटाचा निम्मा पैसा तांडेलाचा, हे पहिल्या दिवशीच ठरवलं. यांना तेव्हा ते पटलं नव्हतं.

मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या. होड्या किनाऱ्यावर ओढल्या त्या तशाच उन्हात राहिल्या. २५ जुलैला जवळच्या पॉइंट देस्नी किनाऱ्यासमोर एक मोठं मालवाहू जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सुमारे १,००० टन तेल आमच्या पाण्यात आलं. गावच्या गाव बाहेर पडलं. कापडाच्या लांब नळ्या शिवून त्यात उसाचं पाचट कोंबायचं आणि त्या पाण्यावर तरंगत ठेवायच्या. आमचं एक जुनं शीड त्यात गेलं. हात आठवडाभर काळे होते.

१ ऑक्टोबर २०२१ ला देश पूर्ण उघडला तेव्हा पिरोगीच्या फळ्यांमध्ये नाणं उभं शिरत होतं. तोंतोंनी शेजारची दोन पोरं हाताशी घेतली. सुताचा पीळ फटीत ठोकायचा, वर लांबी म्हणजे पुटी भरायची, मग होडी दोन दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे लाकूड फुगून फटी मिटतात. बुडवलेली होडी बघून सासूबाई म्हणाल्या, "झालं, धंदा बुडाला."

आता तीन पिरोगी आहेत. ती दोन पोरं तिसरीवर काम शिकली.

गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते. गेल्या वर्षी घरचा गणपती विसर्जनाला पिरोगीतून न्यायचं ठरलं. तोंतोंनी मूर्ती दोन्ही हातांनी जरा उचलून पाहिली, वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "मधोमध नको, थोडा मागे बसवा. आज वारा जोराचा आहे."