बॅटरी किती उरली? चार दिवे लावेपर्यंतचा खटाटोप

हातात मावेल असा एक छोटा स्पीकर मी स्वतः जोडून बनवला होता. आत १८६५० आकाराचा एकच लिथियम-आयन सेल, ॲम्प्लिफायरचं चिमुकलं बोर्ड आणि सेल जपणारं संरक्षणाचं बोर्ड. आवाज झकास, खोड एकच. गाणं रंगात आलं की हा बंद. आधी काही चाहूल नाही, थेट शांतता. सेल फार उतरला की संरक्षणाचं बोर्ड त्याला तोडतं, ते त्याचं कामच आहे. पण ते आगाऊ सांगत नाही. म्हटलं, चार एलईडी लावू, बॅटरी किती उरली ते दिसेल. एका संध्याकाळचं काम.

मायक्रोकंट्रोलर घालून प्रोग्रॅम लिहिता आला असता. पण चार दिव्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचा या विचारानेच मला जांभई आली.

पहिल्यांदा एलएम३९१४ घेतली. ही चिप अशाच कामासाठी बनलेली आहे: दहा दिवे जोडायचे, व्होल्टेज वाढेल तसे ते ओळीने पेटत जातात. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायची पाटी) तासाभरात झालं. दहाच्या दहा दिवे पेटलेले बघून मी खूश. मग सहज मल्टिमीटर मध्ये घालून करंट पाहिला तर ९८ मिलिअँपिअर! दिव्यामागे साधारण १० धरले तर हिशोब बरोबरच होता, माझंच लक्ष नव्हतं. हळू आवाजात स्पीकर जितकं खायचा त्याहून जास्त हा मोजणाराच खात होता. एक रेझिस्टर बदलून करंट कमी करता येतो, पण दुसरी अडचण तशीच राहते. या चिपच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात आणि सेल तसा उतरत नाही.

तो कसा उतरतो हे एकदा स्वतः बघायचं ठरवलं. पूर्ण चार्ज केलेल्या सेलला १० ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर लावला आणि दर दहा मिनिटांनी आकडा वहीत टिपत बसलो. साडेसहा तास. ४.२ व्होल्टवरून ४.० पर्यंत तो लवकर आला, मग ३.८ ते ३.५ च्या पट्ट्यात रेंगाळला, दुपार त्यातच गेली. आणि ३.४ च्या खाली गेल्यावर चहा ठेवून येईपर्यंत घसरला. म्हणजे ३.० ते ३.४ मधले तीन-चार दिवे शोभेचेच ठरले असते. मी माझ्या चार पायऱ्या त्या वहीवरून ठरवल्या: ४.०, ३.८, ३.६५ आणि ३.४.

मग एलएम३३९. एका चिपमध्ये चार कम्पॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजपैकी मोठं कुठलं ते सांगणारे चार तुकडे. प्रत्येकाच्या एका पायाला स्थिर व्होल्टेज, दुसऱ्याला बॅटरीच्या व्होल्टेजचा ठरावीक हिस्सा, रेझिस्टरच्या साखळीतून काढलेला. हिस्सा जास्त भरला की दिवा पेटतो. स्थिर व्होल्टेजसाठी टीएल४३१ वापरली, ती २.५ व्होल्ट देते. सेलच्या जागी व्होल्टेज कमीजास्त करता येणारा पॉवर सप्लाय लावला आणि ४.२ वरून हळूहळू खाली यायला लागलो. ४.० ला पहिला दिवा विझला. ३.८ ला दुसरा. वा! आणि ३.७ च्या आसपास उरलेले दोन्ही एकदम गेले.

इथे माझे दोन दिवस गेले. आधी वाटलं टीएल४३१ खाली घसरतेय. मोजलं, २.४९, ढिम्म हलत नव्हती. बॅटरीचा हिस्सा मोजला, तोही बरोबर. दोन पायांवरचे आकडे मल्टिमीटर मला स्वच्छ दाखवत होता, कुठला मोठा हे लहान पोरही सांगेल, आणि चिप ते मान्य करत नव्हती. चिप बदलली. नवीही तशीच. वैतागून बोट चिपवर टेकवून बसलो होतो, तर हळूहळू विझलेला दिवा मिणमिणला. बोट काढलं, थोड्या वेळाने गेला. पुन्हा ठेवलं, पुन्हा आला. बोटाच्या उबेने फरक पडतोय म्हणजे चिपच्या आत काहीतरी अगदी काठावर आहे, एवढं तरी कळलं.

आधीच वाचायला हवी होती ती डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, तेव्हा वाचली. एलएम३३९ ला तुलना करायची व्होल्टेज पुरवठ्यापेक्षा निदान दीड व्होल्ट खाली लागतात. पुरवठा ४.२ असेल तर २.७ पर्यंत चालतं, माझे २.५ त्यात बसतात. पुरवठा ३.८ झाला की मर्यादा २.३, आणि २.५ बाहेर. थोडी सवलत चिप देते, ती तापमानावर, म्हणून बोटाचा चमत्कार. चिपचा पुरवठा म्हणजे तीच बॅटरी. म्हणजे बॅटरी भरलेली असताना माझं सर्किट खरं बोलत होतं आणि उतरायला लागली की, नेमकं विचारायची वेळ आली की, बोलणंच बंद.

उपाय साधा निघाला. टीएल४३१ काढून टीएलव्ही४३१ लावली. नावात एका अक्षराचा फरक, पण ही १.२४ व्होल्टवर चालते. सगळे हिस्से त्या मापाने पुन्हा काढले. आता पुरवठा ३ व्होल्टपर्यंत आला तरी मर्यादा दीड राहते आणि १.२४ आत बसतं. शिवाय हिला करंटही फार कमी लागतो.

रेझिस्टरचं थोडक्यात सांगतो. ५ टक्केवाले वापरू नका. खालचा ५ टक्के कमी आणि वरचा ५ टक्के जास्त निघाला तर पायरी पाव व्होल्टने सरकते, आणि माझ्या दोन पायऱ्यांत अंतरच ०.१५ ते ०.२५ चं. १ टक्क्याचे घेतले की चूक जास्तीत जास्त ०.०५ च्या घरात येते.

स्पीकरमध्ये बसवल्यावर दिवे नाचायला लागले. ढोल वाजला की वरचा दिवा विझायचा, ढोल थांबला की परत. दिसायला मजेशीर, पण बॅटरी किती उरली ते ढोल संपल्यावरच कळणार! ठोक्याला करंट १ अँपिअरपर्यंत उसळायचा. सेल, तारा आणि संरक्षणाचं बोर्ड मिळून ०.१५ ओहम धरा, ०.१५ व्होल्ट तिथेच गेले. म्हणजे अख्खी पायरी. रेझिस्टरच्या साखळीत सगळ्यात खालच्या जोडावर व्होल्टेजचे झटके शोषायला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, नाच बऱ्यापैकी थांबला.

शेवटी सगळ्याचा पुरवठा एका बटणामागे नेला. दिवे विझलेले असले तरी एलएम३३९, टीएलव्ही४३१ आणि साखळी मिळून मिलिअँपिअरभर घेत राहतात. २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल नुसता पडून राहिला तरी शंभरेक दिवसांत रिकामा. बटण दाबेपर्यंत आता काहीच जात नाही. आणि या बटणामुळे एक गोष्ट आपोआप पदरात पडली. दाबलं की कपॅसिटर भरायला पाऊण-एक सेकंद लागतो, त्यामुळे दिवे एकदम न लागता खालून वर एकेक चढतात. ज्यांना दाखवलं ते विचारतात, हे कसं केलंस? मी अजून कोणाला खरं सांगितलेलं नाही.

वरून दुसरा दिवा ३.८ ऐवजी ३.८३ ला विझतो. रेझिस्टर बदलायचा तर पेटी उघडून, गोंद खरवडून, सोल्डर काढावं लागेल. तो तसाच आहे.