गाण्याचं अ‍ॅप निवडताना गेलेले दोन महिने

सुरुवात बँकेच्या मेसेजनं झाली. ऑटोपेनं पैसे कापायच्या आधी चोवीस तास कळवावं लागतं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे मेसेज येतो, पण आपण तो वाचतो का? मी नव्हते वाचत. डिसेंबरात एकदा फोन साफ करायला बसले तेव्हा लक्षात आलं की गाण्याची तीन अ‍ॅपं चालू आहेत आणि तिन्हीचे पैसे जातायत. एक मी घेतलेलं, एक मुलानं माझ्या नंबरावरून ट्रायल म्हणून घेतलेलं आणि बंद करायला विसरलेलं, आणि तिसरं कोणी घेतलं ते अजून घरात कोणी कबूल केलेलं नाही.

तर ठरवलं, एकच ठेवायचं, पण नीट बघून.

आमच्याकडे गाणी ऐकणारे तिघं. मी रोज फोंडा-पणजी बसनं जाते, जाऊन-येऊन दोनेक तास कानात हेडफोन. मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला, तो जे ऐकतो त्याला गाणं म्हणायचं की नाही यावर घरात दोन मतं आहेत. आणि सासरे, म्हणजे बाबा, ज्यांनी कला अकादमीत मोठमोठे गवई पुढच्या रांगेत बसून ऐकलेत, त्यांच्याकडे जुना अँप, म्हणजे अँप्लिफायर, आणि दोन मोठे लाकडी स्पीकर आहेत, त्यावर ते नाट्यसंगीत लावतात आणि आवाज शेजारच्या माडांपर्यंत जातो. (घरात आम्ही कोंकणी बोलतो, लिहिणं-वाचणं मात्र मराठीत, त्यामुळे खालची बोलणी मराठीतच देते.)

आधी दर बघितले. स्पॉटिफायनं भारतात नोव्हेंबर 2025 मध्ये प्लॅन बदलले, आता लाइट 139, स्टँडर्ड 199 आणि प्लॅटिनम 299 महिन्याला. लाइटमध्ये 160 केबीपीएस (म्हणजे सेकंदाला इतके किलोबिट, आकडा मोठा तितका आवाज कमी दाबलेला), स्टँडर्डमध्ये 320, आणि प्लॅटिनममध्ये लॉसलेस, म्हणजे दाबताना काहीच न गमावलेला आवाज, शिवाय प्लॅटिनम तिघांना वापरता येतं. अ‍ॅपल म्युझिक एकट्यासाठी शे-सव्वाशेच्या आसपास पडतं आणि त्यात 2021 पासून लॉसलेस जादा पैसे न घेता देतात, अँड्रॉइडवर पण चालतं, हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं आयफोन नसेल तर आपला संबंध नाही. यूट्यूब प्रीमियम एकट्याला 149, फॅमिली 299, आणि त्यात यूट्यूब म्युझिक येतंच, पण आवाज जास्तीत जास्त 256 केबीपीएस, लॉसलेस नाही.

कागदावर बघितलं तर अ‍ॅपल जिंकलं, विषय संपला. मुलगा म्हणाला, "आई, आधी तुला फरक कळतो का ते बघूया." मला राग आला. बाबांच्या घरात वीस वर्षं काढलीत, तानपुरा लागलाय की नाही एवढं तरी कळतं.

तर एक रविवार त्यात घातला. पण त्याआधी मी स्वतः जी तुलना केली होती ती सांगते, कारण ती पूर्ण चुकली होती आणि बरेच जण तशीच करत असतील. मी काय केलं, एकच गाणं दोन अ‍ॅपांत लावलं, ब्लूटूथ इअरबड कानात, आणि एकदा हे एकदा ते. एक एकदम भरीव, दुसरं फिकट. लगेच फिकट वाल्याला बाद केलं. मुलानं बघितलं तर एका अ‍ॅपात आवाजाची पातळी सारखी करणारी सेटिंग चालू होती आणि दुसऱ्यात बंद. म्हणजे एक गाणं नुसतं मोठ्यानं वाजत होतं. कानाला थोडं मोठं ते चांगलंच वाटतं. ती सेटिंग स्पॉटिफायमध्ये नॉर्मलायझेशन म्हणून आहे, अ‍ॅपलमध्ये साउंड चेक म्हणून. तुलना करताना दोन्हीकडे बंद करायची आणि आवाज हातानं सारखा करायचा.

दुसरी चूक ब्लूटूथची. इअरबडपर्यंत आवाज जातो तेव्हा फोन तो परत दाबून पाठवतो. लॉसलेस लावा नाहीतर काहीही लावा, साध्या एसबीसी कोडेकमधून (कोडेक म्हणजे आवाज दाबायची पद्धत) तो साधारण तीनशे-सव्वातीनशे केबीपीएसच्या नळीतूनच जाणार. एलडॅक हा वरचा कोडेक असलेले हेडफोन असतील तर 990 पर्यंत जातं, तरी पुरतं लॉसलेस नाहीच. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये कुठला कोडेक चाललाय ते दिसतं. माझ्यात बघितलं, एसबीसी. म्हणजे मी 299 दिले असते तरी बसमध्ये ते वायाच.

तिसरी तर मला सांगायलाच लाज वाटते. बसमध्ये एक अ‍ॅप महिनाभर खराब वाटत होतं, मी ऑफिसात सगळ्यांना सांगून पण झालं होतं की ते घेऊ नका. कारण काय, तर ऑनलाइन ऐकायची क्वालिटी वेगळी आणि डाउनलोडची क्वालिटी वेगळी, दोन स्वतंत्र सेटिंग असतात. मी वरची व्हेरी हाय केली होती आणि खालची कधी बघितलीच नाही, आणि बसमध्ये तर मी डाउनलोड केलेलंच ऐकते. म्हणजे महिनाभर 96 केबीपीएस ऐकत होते. ऑफिसात जाऊन शब्द मागे घ्यावे लागले.

हां, तर रविवार. वायर लागणार, माझ्या फोनला जॅक नाही. फोंड्याच्या बाजारातून टाइप-सीला हेडफोनची वायर जोडायचा दीडशेचा डोंगल आणला, लावला, आवाजच नाही. मग कळलं की काही डोंगल नुसती वायर असते, आत डॅक, म्हणजे डिजिटलचा अ‍ॅनालॉग आवाज करणारी चिप, नसतो, आणि माझ्या फोनसारखा फोन टाइप-सीमधून अ‍ॅनालॉग आवाज बाहेर सोडत नाही, त्याला आत डॅक असलेलाच डोंगल लागतो. पाकिटावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. दुसरा नऊशेचा आणला, तो चालला.

परीक्षा अशी. मुलगा फोन हातात घेऊन माझ्या पाठीमागे, तीच तीस सेकंदं वेगवेगळ्या क्वालिटीत लावायची, मी ओळखायचं, दहा वेळा. मधे मधे कॅश साफ करायला लागते, नाहीतर आधीचंच साठवलेलं वाजतं आणि आपण मारे फरक सांगत बसतो. गाणी मी निवडली. एक ख्याल, मागे तानपुरे. आणि एक घुमटआरती, म्हणजे आमच्याकडे चवथीला घुमट या मातीच्या वाद्यावर म्हणतात ती आरती, कारण झांजा, कासाळी (मोठ्या झांजा), टाळ्या असल्या तीक्ष्ण आवाजांवर कॉम्प्रेशन लवकर उघडं पडतं.

24 केबीपीएस, म्हणजे स्पॉटिफायचं लो, दहापैकी दहा. ते तर मांजराला पण कळेल, कासाळ्यांच्या जागी कोणी पाणी ओतल्यासारखं येतं. 96 वर दहापैकी आठ. 160 वर सहा. आणि 320 विरुद्ध लॉसलेस, ज्यासाठी एवढं सगळं चाललेलं, पाच. पाच म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. मुलगा काही बोलला नाही, नुसता हसला, ते जास्त लागलं. मग मी त्याला बसवलं आणि त्याचे चार आले. बरं वाटलं.

आता कोणी म्हणेल माझे हेडफोन दीड हजाराचे, कान पन्नाशीचे. मान्य. म्हणून बाबांचा अँप. डोंगलमधून वायर काढून मागच्या ऑक्सला जोडली. बाबा आरामखुर्चीत. मी विचारलं, काय लावू? म्हणाले, केसरबाईंची भैरवी लाव, ती व्हॉयेजरवर गेलेली.

केरी गावच्या केसरबाई केरकर, 1977 साली नासानं अंतराळात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर त्यांची भैरवी आहे, हे गोव्यात बहुतेकांना पाठ असतं, आणि बाबा ते दर पाहुण्याला सांगतात. पण अ‍ॅपात शोधायला गेले तर नावाचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं, एकीकडे राग वेगळाच लिहिलेला, कुठे कव्हरवर दुसऱ्याच बाईंचा फोटो. जुन्या गाण्यांची ही बोंब थोडीफार सगळीकडेच आहे. शेवटी लॉसलेसमध्ये सापडली, लावली.

खरखर. इतकी स्वच्छ, इतकी बारीक खरखर मी आयुष्यात ऐकली नव्हती. 78 आरपीएमची तबकडी, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं, मोनो, वरचे सूर मुळातच फारसे न धरलेले. लॉसलेस म्हणजे काही गमावलेलं नाही एवढंच, जे आत कधी नव्हतंच ते कुठून येणार. बाबांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "गो, यूट्यूबवरची लाव. त्यात आवाज पुढे आहे." लावली. कोणीतरी आपल्या घरच्या तबकडीवरून चढवलेली होती, खरखर कमी केलेली, बहुधा थोडा वेगही बदललेला. त्यांना तीच आवडली. तांत्रिकदृष्ट्या ती खालच्या दर्जाची, पण त्यांना कोण सांगणार.

इथे माझं गणित उलटलं. प्लॅटिनम 299 तिघांना लॉसलेस, यूट्यूब फॅमिली पण 299, एका घरातल्या सहा जणांपर्यंत. रक्कम सारखी. आणि बाबांना हव्या त्या खाजगी मैफिली, रेडिओवरून कोणी टेप केलेली नाट्यपदं, वाड्यावरच्या पोरांनी चवथीला मोबाइलवर काढलेल्या घुमटआरत्या, जत्रेतली नाटकं, हे सगळं यूट्यूबवरच मिळतं, कारण ते लोकांनी स्वतः चढवलेलं असतं. कंपन्यांच्या कॅटलॉगात ते येणार नाही. शिवाय ते दुपारी कीर्तन बघतात, ऐन रंगात आलं की मधेच गुटख्यासारख्या दिसणाऱ्या वेलचीची जाहिरात, ती एक कटकट जाते.

डेटाचं पण बघितलं. 320 केबीपीएसनं दोन तास म्हणजे साधारण 290 एमबी. सीडीच्या दर्जाचं न दाबलेलं सेकंदाला 1411 किलोबिट, म्हणजे दोन तासांना सव्वा जीबीच्या वर, लॉसलेसमध्ये दाबून ते निम्म्यावर वगैरे येतं. माझा पॅक रोजचा दीड जीबी. शिवाय वाटेत एक-दोन ठिकाणी सिग्नल जातोच, त्यामुळे रात्री वायफायवर डाउनलोड केल्याशिवाय पर्याय नाही.

शेवटी यूट्यूब फॅमिली ठरलं. मुलगा मात्र रुसला. त्याच्या प्लेलिस्ट, चार वर्षांचं जमवलेलं, त्याला काय ऐकायला आवडेल हे त्याला अ‍ॅपच सांगतं म्हणे. मी म्हटलं विद्यार्थ्यांचा स्वस्त प्लॅन असतो, कॉलेजची पडताळणी कर आणि स्वतःच्या पैशातून घे. त्यानं घेतला. फॅमिलीतल्या त्याच्या जागी नणंद येऊ बघत होती, पण ती मडगावला राहते आणि नियमात एकाच पत्त्यावरचे लोक हवेत, म्हणून नाही म्हटलं, त्यावरून थोडं बोलणं झालंच.

बाकीचे ऑटोपे रद्द करताना लक्षात ठेवा, अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. मी एक तसंच काढलं आणि पुढच्या महिन्यात परत पैसे गेले. प्ले स्टोअरमध्ये जाऊन सबस्क्रिप्शन बघायचं, तिथे नसेल तर ज्या यूपीआय अ‍ॅपातून परवानगी दिली तिथे ऑटोपेच्या यादीत असतं. माझं तिथे निघालं, त्या कोणी-न-कबूल केलेल्याचं पण. अँपवर ऐकताना क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता पुढचं सुरू करणारी सेटिंग, पण बंद करा, नाहीतर विलंबित संपायच्या आत द्रुत घुसतं आणि बाबा हाक मारतात.

नऊशेचा डोंगल आता अँपच्या मागेच असतो. दोनदा काढून बसमध्ये नेला तर दुपारी ऑफिसात फोन आला, "गो, ती शेपटी कुठे गेली?" गेल्या आठवड्यात माझ्यासाठी दुसरा घेतला.