न धुतलेले सहा इन्सर्ट

फ्लूच्या विषाणूला अडवणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आम्ही तपासत होतो आणि सात नंबरचं प्रतिपिंड माझ्या यादीत अगदी तळाला होतं. हिमॅग्लुटिनेशनच्या, म्हणजे विषाणू तांबड्या पेशींना धरतो का हे बघायच्या, प्लेटवर शून्य: विषाणूने तांबड्या पेशी खुशाल धरून ठेवल्या, प्रतिपिंडाने विषाणूला अडवलं की तळाशी बसतो तो लाल ठिपका एकाही वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) बसला नाही. एमडीसीके पेशींवरही तीच गत. अठरा तासांनी रंगवून मोजलं, तर प्रतिपिंड घातलं काय नि न घातलं काय, लागण सारखीच.

एमडीसीके म्हणजे 1958 साली एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून काढलेल्या पेशी. फ्लूवाल्यांचं निम्मं आयुष्य यांच्यावर जातं. यांच्यात विषाणू वाढवायचा तर वरून ट्रिप्सिन हे विकर घालावं लागतं आणि पेशींच्या खाद्यातल्या सीरमचा अंश राहिला तर तेही निकामी होतं. त्यामुळे आधी धुवायचं, ही सवय हाडीमाशी खिळलेली.

मानवी श्वासनलिकेच्या पेशींचा थाटच वेगळा. इन्सर्ट नावाच्या छोट्या कपाच्या सच्छिद्र पडद्यावर पेरायच्या, खालून पोषण, वरून नुसती हवा. चारेक आठवडे सांभाळल्या की सूक्ष्मदर्शकाखाली केसासारखे सिलिया हलताना दिसतात आणि वरचा चिकटा, सरळ सांगायचं तर शेंबूड, गोल गोल फिरत असतो. मी अजूनही कामाशिवाय बघत बसते. आणि मग प्रोटोकॉल सांगतो: लागण करण्याआधी हा चिकटा धुऊन टाका.

त्या दिवशी बारा इन्सर्टांतले सहा धुतले आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपल्याचा अलार्म वाजला. सिलिंडर बदलणं हे कुणाचंच काम नसतं, म्हणजे ते माझं असतं. परत आले ती बाराही धुतलेत याच समजुतीत. दोन्ही सहांमध्ये तीन सात नंबरचे, तीन विनाप्रतिपिंडाचे.

दुसऱ्या दिवशी धुतलेल्यांत काहीच फरक नाही. न धुतलेल्यांत प्रतिपिंडाविना लागण थोडी कमी, पण भरपूर. आणि सात नंबरच्या तिन्हींत लागण झालेल्या पेशींचे हिरवे ठिपके बोटांवर मोजण्याइतके. वहीतल्या खुणा बघितल्या तेव्हा घोळ कळला.

संध्याकाळी एलायझा लावली, म्हणजे प्रतिपिंड कशाला चिकटतं ते दाखवणारी चाचणी. विषाणू ज्या प्रथिनाने पेशीला चिकटतो त्या हिमॅग्लुटिनिनला सात नंबर शिवतही नाही, ते न्यूरामिनिडेजला धरतं. हे विकर म्हणजे विषाणूची कात्री. पेशीतून सुटताना ती लागते हे सगळेच शिकतात. पण विषाणू पेशीवरच्या ज्या सियालिक आम्लाला चिकटतो, ते चिकट्यातल्या म्युसिन प्रथिनांवरही असतं, विषाणू तिथेच अडकतो आणि पेशीपर्यंत पोचायलाही त्याला कात्री चालवावी लागते. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला कुठला आलाय शेंबूड? तिथे कात्री धरून ठेवली तरी विषाणूचं पहिल्या फेरीत काही अडत नाही.

सरांचं म्हणणं, प्रोटोकॉल मोडलेला प्रयोग मोजायचा नाही. नियम म्हणून बरोबर आहे. पण धुणं आकडे एकसारखे यावेत म्हणून असतं. नाक कुणी विषाणू यायच्या आधी धुऊन ठेवत नाही. आम्ही बाद केलेल्यांत असे आणखी किती सात नंबर असतील, ते सर विचारत नाहीत.

मला छळतंय ते वेगळंच. प्रतिपिंडाने कात्री अडवली, की आपल्या शेपटाने, म्हणजे Y आकाराच्या खालच्या दांड्याने, विषाणूला चिकट्यालाच बांधून टाकलं? शेपूट काढलेले तुकडे करायला घेतलेत. शेजारी न धुतलेल्यांवर ओसेल्टामिव्हिर या फ्लूच्या औषधाचं सक्रिय रूप लावणार, ते कात्री अडवतं पण बांधत नाही. पेशी पेरून आज अकरावा दिवस.