एचपी नको, मागच्या चाकांवरचं वजन बघा

निपाणी-चिकोडी पट्ट्यात उसाचा गळीत हंगाम आला की पहिला प्रश्न ठरलेला: "पन्नास एचपीचा ट्रॅक्टर किती टन ओढतोय?" एचपीवर, म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर, ठरतो तो वेग. ओढ, म्हणजे ट्रॉली ओढायचा जोर, ठरते मागच्या चाकांवरच्या वजनावर.

५० एचपीचा ट्रॅक्टर साधारण २,१०० किलोचा, त्यातलं १,३०० किलो मागच्या चाकांवर. नेमका आकडा हवा तर वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवा. कोरड्या डांबरावर त्याच्या ७० टक्के, म्हणजे ९०० किलो ओढ मिळते. ओल्या काळ्या रानात जेमतेम ४०० किलो.

ट्रॉलीचं वजन धरताना नुसता ऊस धरू नका. रिकामी ट्रॉलीच दीड-दोन टनाची असते. भरून १० टन झाली तर सपाट डांबरावर २०० किलो ओढ पुरते. २० मीटरला १ मीटर चढ आला की ट्रॅक्टरचा भार धरून साडेआठशे लागते. म्हणजे एका ट्रॉलीतच ताकद संपली. दोन ट्रॉल्यांना दीड हजार किलो लागते, ती येणार कुठून? तवंदी घाटासारख्या ठिकाणी एक ट्रॉली पायथ्याला सोडून दोन खेपा करणं हाच खरा हिशेब.

फडात, म्हणजे उसाच्या शेतात, तर रुतणारं रान वजनाच्या दहा टक्के मागतं: १० टनाला १,००० किलो. तिथं एचपी वाढवला तर चाक फक्त खोल खड्डा पाडतं. ट्रॉली आत अर्धीच भरा, उरलेल्या मोळ्या बांधावर चढवा.

ओढ वाढवायची तर मागच्या १३.६-२८ मापाच्या टायरमध्ये पाणी भरा. व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, एका टायरला साधारण १५० लिटर. दोन चाकांची ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागच्या हुकावर भार टाकते, तेव्हा ट्रॅक्टरच्या पुढं वजनं लावायलाच हवीत. पुढच्या चाकांवर एकूण वजनाच्या २० टक्के तरी राहिलं पाहिजे, नाहीतर स्टेअरिंग ऐकत नाही. हुक मागच्या अॅक्सलच्या खालीच हवा. वर बांधला की चढाला पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर उलटतो.

उतार याहून वाईट, कारण बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. ताशी २५ किलोमीटरच्या वेगाला एका भरल्या ट्रॉलीसह सपाटीवर थांबायला २५ मीटर लागतात, २० मीटरला १ मीटर उतारावर ५५. दोन ट्रॉल्यांना त्याच उतारावर दोनशे मीटरच्या पुढं. उतार लागायच्या आधीच, ज्या गिअरनं तो चढला असता तोच टाका, डाव्या-उजव्या चाकांचे दोन्ही ब्रेक पेडल जोडा आणि क्लच दाबू नका.